भाडेकरार ११ महिन्यांचाच आहे, मग नोंदणी कशाला? मीरा-भाईंदरच्या घरमालकांना माहीत हवेत असे नियम

समजा, मीरा रोडच्या शांतीनगरमध्ये तुमचा वन बीएचके आहे. भाडं १५ हजार, डिपॉझिट ५० हजार. एजंट म्हणतो, "११ महिन्यांचाच करार आहे, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून टाकू." करार होतो, चावी दिली जाते. ११ महिने संपतात, पण भाडेकरू घर सोडत नाही. वर सांगतो, "भाडं १५ नाही, १२ हजार ठरलं होतं."

अशा वेळी कायदा आधी कोणाचं म्हणणं धरून चालतो? महाराष्ट्रात याचं उत्तर आहे, भाडेकरूचं. कारण करार नोंदणीकृत नाही.

कायदा नेमकं काय सांगतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा 'लिव्ह अँड लायसन्स'चा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा. ही जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे, भाडेकरूवर किंवा एजंटवर नाही.

नोंदणी केली नाही तर दोन गोष्टी होतात. एक, अटींबद्दल वाद झाला तर भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं असेल तर तसं सिद्ध करावं लागतं. दोन, घरमालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मग '११ महिने' आले कुठून?

केंद्राच्या नोंदणी कायदा १९०८ नुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. म्हणून देशभर ११ महिन्यांचे करार रूढ झाले. महाराष्ट्रात मात्र मुदत कितीही असो, नोंदणी लागतेच. ११ महिन्यांची पळवाट इथे चालत नाही.

यामागे जुनी भीतीही आहे. मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्याने भाडेकरूंना भक्कम संरक्षण दिलं. त्यातून सुटका म्हणून मालक 'भाडं' न म्हणता 'लायसन्स' देऊ लागले. पण १९७३ मध्ये कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचा दर्जा मिळाला. तेव्हापासून 'दिलेलं घर परत मिळेल का' ही धास्ती मालकांच्या मनात बसली आहे.

नोंदणीने घर परत मिळतं का?

१९९९ च्या कायद्याने या धास्तीवर उपाय दिला आहे. कलम २४ नुसार राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. नेहमीच्या दिवाणी दाव्यापेक्षा ही प्रक्रिया वेगळी आणि संक्षिप्त आहे. मुदतीनंतर घर अडवणाऱ्याला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते.

नोंदणी नसेल तर हा मार्ग पूर्ण बंद होतो असं नाही, पण सिद्ध करण्याचं ओझं मालकाच्या डोक्यावर येतं.

खर्च किती येतो?

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते मुदतीतलं एकूण भाडं आणि परत करायच्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज या बेरजेवर लागतं.

वरच्या उदाहरणात:
- ११ महिन्यांचं भाडं: १,६५,००० रुपये
- डिपॉझिटवरचं व्याज: सुमारे ४,५८३ रुपये
- मुद्रांक शुल्क: सुमारे ४२४ रुपये
- महापालिका हद्दीतली नोंदणी फी: १,००० रुपये

याशिवाय कागदपत्र हाताळणीचं शुल्क आणि एजंट घेतलात तर त्याचे पैसे. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ही नोंदणी ऑनलाइनही होते.

दर ११ महिन्यांनी नवा करार करायची सक्ती नाही. भाडं तेवढंच ठेवून ३३ महिन्यांचा एकच करार केला, तर मुद्रांक शुल्क तीन करारांइतकंच भरतं, पण नोंदणी फी तीनदा न भरता एकदाच भरावी लागते. दरवर्षीची भाडेवाढ त्याच करारात लिहिता येते. अर्थात, वाढलेल्या भाड्यावर शुल्कही थोडं वाढतं.

पोलीस आणि सोसायटीचं काय?

१ ऑक्टोबर २०२० पासून शहरासाठी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय आहे. भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा ऑनलाइन द्यावी लागते. आयुक्तांचा तसा आदेश लागू असताना माहिती दिली नाही, तर मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. पोलिसांना माहिती दिली म्हणजे कराराची नोंदणी झाली असं मात्र नाही. ही दोन वेगळी कामं आहेत.

गृहनिर्माण सोसायटी भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. ही मर्यादा राज्य सरकारने २००१ मध्ये घातली.

'दोन महिन्यांचंच डिपॉझिट' हा मेसेज खरा का?

हा नियम आदर्श भाडेकरू कायद्यातला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला २ जून २०२१ रोजी मंजुरी दिली. पण तो राज्यांसाठी नमुना आहे. राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. मीरा-भाईंदरमध्ये १९९९ चाच कायदा चालतो. त्यामुळे डिपॉझिट किती, हे करारात जे लिहाल ते.

करात काय बदललं?

करनिर्धारण वर्ष २०२५-२६ पासून घरभाड्याचं उत्पन्न 'व्यवसायाचं उत्पन्न' म्हणून दाखवता येत नाही. ते 'घर मालमत्तेपासूनचं उत्पन्न' म्हणूनच दाखवावं लागतं. महापालिकेचा भरलेला कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. महिन्याला ५० हजारांपेक्षा जास्त भाडं देणाऱ्या व्यक्तीने कापायचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्क्यांवर आला आहे.

चावी देण्याआधी तपासा

- करार नोंदणीकृत आहे का? नोटरी पुरेशी नाही.
- भाडं, डिपॉझिट, मुदत आणि भाडेवाढ लिहिली आहे का?
- पोलिसांकडे दिलेल्या माहितीची पोच आहे का?
- सोसायटीला कराराची प्रत दिली का?
- मुदत संपण्याची तारीख लक्षात आहे का? पुढे राहायचं असेल तर नवा करार आणि नवी नोंदणी लागते.

नोंदणीची प्रत भाडेकरूनेही मागून घ्यावी. डिपॉझिट परत मिळवताना तोच कागद त्याच्या कामी येतो.