रणांगणावरून परतलेला वाचक : सैनिकाला अद्भुतकथा का आवडते?

१/
गोंदिया जिल्ह्यातील कामठा हे धानाच्या प्रदेशातले गाव. (नागपूरजवळची लष्करी छावणी ती कामठी; हे गाव कामठा.) त्याच्या शेजारी बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी विमानांसाठी धावपट्टी बांधली. आकाशातून लढले जाणारे युद्ध ही ४० वर्षांपूर्वी कादंबरीतली कल्पना होती. त्या युद्धाची खूण आता धानाच्या बांध्यांना येऊन भिडली.

२/
युद्ध कामठ्याला नवे नव्हते. १८१८ मध्ये नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने कामठ्याचा जमीनदार चिमणा पाटील इंग्रजांविरुद्ध उठला. कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने कामठा जिंकला आणि जमीनदारी पुढे लोधी घराण्याकडे गेली. हा वृत्तान्त इंग्रजांच्या कागदपत्रांत आहे. चिमणा पाटलाच्या बाजूने लढलेल्या शिपायाने घरी परतल्यावर काय सांगितले, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

३/
या धाग्याचा विषय तोच परतलेला शिपाई आहे, आणि त्याची एक आवड : अद्भुतकथा आणि विज्ञानकथा. सैनिक म्हणजे व्यवहारी, शिस्तीचा माणूस. त्याने राक्षस, मायावी अस्त्रे आणि परग्रहांच्या गोष्टींत रमावे याचे अनेकांना नवल वाटते. काहींना ते पलायन वाटते. इतिहास वेगळे सांगतो. ज्याने युद्ध पाहिले आहे, त्याला पुष्कळदा साधे वर्णन अपुरे आणि अद्भुत वर्णन नेमके वाटते.

४/
मराठी मुलखात अद्भुताची आवड छापखान्याच्या कितीतरी आधीची. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ हे अठराव्या शतकाच्या आरंभीचे ग्रंथ गावोगाव मोठ्याने वाचले जात. एक वाची, बाकीचे ऐकत. झाडीपट्टीत दंडारीने हीच आख्याने अंगणात आणली. अक्षरओळख नसलेला शिपाईही या अर्थाने ‘वाचक’ होता. ब्रह्मास्त्र, मायायुद्ध, विमाने ही त्याच्या परिचयाची शब्दसंपदा होती.

५/
अशा वाचक सैनिकाचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण म्हणजे सुभेदार रामजी सकपाळ, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील. सैन्यात त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. निवृत्तीनंतर घरात रामायण-महाभारताचे वाचन हा त्यांचा नित्यक्रम होता आणि मुलांनी ते ऐकावे, असा त्यांचा आग्रह असे.

६/
हा आग्रह कशासाठी, असे मुलाने एकदा विचारले. वडिलांचे उत्तर बाबासाहेबांनी १९५६ मध्ये ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. त्याचा आशय असा : आपण अस्पृश्य मानले गेलेले, आपल्या मनात न्यूनगंड शिरणे स्वाभाविक. द्रोण आणि कर्ण लहान परिस्थितीतून किती उंच गेले, हे या ग्रंथांत दिसते. त्या वाचनाने न्यूनगंड गळून पडेल.

७/
मुलाला ते पटले नाही. महाभारतातील थोर म्हणवल्या गेलेल्या पात्रांविषयी त्याच्या मनात अनेक आक्षेप होते आणि ते त्याने वडिलांना सांगितले. इतिहासाच्या दृष्टीने बापलेकांची ही चर्चा अमूल्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर इंग्रजांनी महारांची सैन्यभरतीच बंद केली. अशा काळात एक निवृत्त सुभेदार पुराणकथेत स्वतःच्या माणसांसाठी बळ शोधत होता. तेथे करमणुकीचा प्रश्नच नव्हता.

८/
मग १९१४ उजाडले. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरल्या. कुत-अल-अमारा येथे सहाव्या (पुणे) डिव्हिजनला वेढा पडला. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असे जवळपास ५ महिने उपासमार सोसून सुमारे १३,००० सैनिक शरण आले. त्यात मराठा शिपाईही होते. भालाफेकीच्या आणि समोरासमोरच्या लढाईच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसांवर न दिसणाऱ्या तोफांचे गोळे पडत होते.

९/
फ्रान्सच्या आघाडीवरील हिंदी शिपायांची पत्रे लष्करी तपासनीस वाचत आणि त्यांतील उतारे इंग्रजीत उतरवून घेत. १९१५ च्या आरंभी इंग्लंडमधील रुग्णालयातून एका जखमी पंजाबी रजपुताने घरी कळवले की, हे युद्ध नव्हेच, हा जगाचा अंत आहे. महाभारतात सांगितलेले युद्ध असेच असले पाहिजे. यंत्रयुद्धाचे वर्णन करायला त्याच्याजवळ वर्तमानपत्री भाषा नव्हती. असती तरी ती पुरली नसती.

१०/
१४ जुलै १९१६, फ्रान्समधील सोमची लढाई. संध्याकाळी हाय वूड नावाच्या जंगलाजवळ ‘डेक्कन हॉर्स’ या घोडदळाने उभ्या पिकातून भाले रोखून चढाई केली. पथक दख्खनचे, मूळ निजामाच्या सेवेतील. समोर जर्मन मशीनगन. मध्ययुग आणि यंत्रयुग एकाच शेतात समोरासमोर आले. कोणत्याही कादंबरीकाराने हे रचले असते, तर ते अतिरंजित ठरले असते.

११/
त्याच दिवशी, त्याच आघाडीवर, काही मैलांवर लँकेशायर फ्युजिलिअर्सची एक पलटण लढाईत उतरत होती. तिच्यात संदेशवहनाचे काम पाहणारा २४ वर्षांचा एक अधिकारी होता : जे. आर. आर. टॉल्किन. पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारा. डेक्कन हॉर्सचे स्वार आणि टॉल्किन यांची भेट झाल्याची नोंद नाही. त्यांच्या डोक्यावरचा तोफांचा गडगडाट मात्र एकाच लढाईचा होता.

१२/
१५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर जगातला पहिला रणगाडा चालला. खंदकातल्या उवांमुळे होणाऱ्या तापाने आजारी पडून टॉल्किन नोव्हेंबरमध्ये मायदेशी परतला आणि आजारपणाच्या त्या काळात त्याने गोंडोलिन नगरीच्या पतनाची कथा लिहिली. तीत शत्रूचे लोखंडी सर्प नगरावर चाल करून येतात आणि त्यांच्या पोटात सैनिक दडलेले असतात. हे सर्प कोठून आले असावेत, हे अभ्यासकांना वेगळे सांगावे लागले नाही.

१३/
८ मार्च १९३९ रोजी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात टॉल्किनने परीकथांवर व्याख्यान दिले. या कथांची आपली रुची युद्धाने पूर्णपणे जागी केली, असे त्याने पुढे छापलेल्या निबंधात स्पष्ट लिहिले. पलायनाच्या आरोपालाही त्याने सैनिकी भाषेतच उत्तर दिले : तुरुंगातून निसटू पाहणारा कैदी आणि पलटण सोडून पळणारा शिपाई यांची गल्लत करू नका. कैद्याने भिंतीपलीकडच्या जगाचा विचार केला, तर तो भेकड ठरत नाही.

१४/
ही झाली अद्भुतकथा. विज्ञानकथेचे सैनिकाशी नाते आणखी थेट आहे. एच. जी. वेल्सने १९०३ मध्ये खंदक ओलांडणाऱ्या लोखंडी यंत्रांची कथा लिहिली, १९०८ मध्ये शहरांवरील हवाई हल्ल्यांची कादंबरी आणि १९१४ मध्ये अणुबॉम्बची. तिन्ही गोष्टी पुढे घडल्या. घरी बसलेल्या वाचकाला जे भाकीत वाटले, ते सैनिकाला आठवण म्हणून वाचावे लागले.

१५/
मराठीत हा प्रवाह उशिरा आला असे नाही. ‘केरळ कोकिळ’ मासिकाने १९०० मध्ये ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने द्यायला सुरुवात केली. श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही आरंभीची मराठी विज्ञानकथा १९१५ ची. म्हणजे कुतला वेढा पडला, त्याच वर्षीची. पण ही मासिके सुशिक्षित मध्यमवर्गाच्या घरात जात. मेसोपोटेमियातल्या शिपायापर्यंत त्यांचा हात पोहोचत नव्हता.

१६/
पुस्तके सैनिकापर्यंत पोहोचवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेने केला. १९४३ ते १९४७ या काळात खिशात मावतील अशा आडव्या आकाराच्या १,३२२ पुस्तकांच्या १२ कोटींहून अधिक प्रती सैनिकांना फुकट वाटल्या गेल्या. त्यांत ‘ड्रॅक्युला’, ‘फ्रँकेन्स्टाइन’, वेल्सचे ‘द टाइम मशीन’, लव्हक्राफ्टच्या भयकथा आणि टारझनही होता. रोज मृत्यू पाहणाऱ्या तरुणांसाठी भयकथा आणि कल्पितकथा निवडाव्याशा वाटल्या, हे लक्षणीय आहे.

१७/
काही सैनिक वाचकांनी पुढे स्वतः लेखणी उचलली. आर्थर सी. क्लार्क हा लहानपणापासून विज्ञानकथांच्या मासिकांचा वेडा. महायुद्धात तो ब्रिटिश वायुदलात रडारवर काम करत होता. धुक्यात वाट चुकलेली विमाने रडारच्या मदतीने सुखरूप उतरवणे, हे त्या पथकाचे काम. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने भूस्थिर उपग्रहांद्वारे जगभर संदेशवहन कसे शक्य होईल, हे एका लेखात मांडले. कल्पित वाचण्याची सवय आणि सैनिकी प्रशिक्षण येथे एकाच कामाला आले.

१८/
जो हॉल्डमन व्हिएतनाममधून जखमी होऊन परतला. त्याची ‘द फॉरएव्हर वॉर’ ही कादंबरी १९७४ ची. तीतला सैनिक प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास करून लढतो. त्याचे काही महिने जातात, तेवढ्यात पृथ्वीवर कित्येक दशके, मग शतके उलटतात. परततो तेव्हा त्याच्या ओळखीचे जग उरलेले नसते. हे भौतिकशास्त्र आहे, आणि प्रत्येक परतलेल्या सैनिकाची गोष्टही आहे.

१९/
भागवत पुराणाच्या वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. राजा ककुद्मी आपली कन्या रेवती हिच्यासाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो. तेथे क्षणभर थांबतो आणि तेवढ्यात पृथ्वीवर युगे लोटतात. मनात योजलेले सारे वर केव्हाच काळाच्या उदरात गेलेले असतात. दूर देशी लढून आलेल्या शिपायाला गावात पाऊल ठेवताना जे जाणवत असेल, त्यासाठी आपल्या परंपरेत ही कथा होती.

२०/
योगायोगाने त्याच १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पाठवली आणि तिला पारितोषिक मिळाले. मराठी विज्ञानकथेला तेथून नवे बळ आले. परंतु ती प्रामुख्याने शास्त्रज्ञांची, प्राध्यापकांची आणि विज्ञान लेखकांची कथा राहिली. सैनिकाच्या अनुभवाला तिच्यात फारशी जागा मिळाली नाही.

२१/
एक अपवाद नावापुरता तरी सांगायला हवा. सैन्यात राहिलेले दीनानाथ मनोहर यांनी सैनिकी जीवनावरील आपल्या कादंबरीला ‘रोबो’ हे नाव दिले. ‘रोबॉट’ हा शब्द कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातून जगभर गेला; त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ सक्तीची मजुरी, म्हणजे आपल्याकडची वेठ. जमीनदारीच्या मुलखात वेठ म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नसे.

२२/
आता मूळ मुद्दा. सोमच्या त्या रणभूमीवर दोन प्रकारचे सैनिक होते. टॉल्किनजवळ ऑक्सफर्डचे शिक्षण, कागद, सवड आणि पुढे प्रकाशक होता. त्याच्या अद्भुताचे ग्रंथ झाले. हिंदी शिपायाजवळही अद्भुत होते, आणि ते किमान तितकेच जुने व समृद्ध होते. पण अनेकांची पत्रे दुसऱ्याच कोणाच्या तरी हातून लिहिली जात. महाभारताची आठवण काढणाऱ्या त्या जखमी रजपुताचे वाक्य आज इंग्रजी तर्जुम्यातच हाती लागते. त्याचे स्वतःचे शब्द उरले नाहीत.

२३/
म्हणून ‘आपल्याकडे युद्धातून जन्मलेले अद्भुत साहित्य का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर कल्पनाशक्तीच्या अभावात शोधू नये. कल्पना होती, अनुभव होता, ऐकणारी माणसेही होती. नव्हते ते लिहिण्याचे साधन आणि लिहिलेले जपणारी व्यवस्था. रामजी सुभेदारांचे वाचन आपल्याला ठाऊक आहे, कारण त्यांच्या मुलाने ते लिहून ठेवले. असा मुलगा लाभला नाही अशा हजारो सुभेदार-हवालदारांचे वाचन त्यांच्याबरोबर संपले.

२४/
बिरसीच्या धावपट्टीवर आज वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. कामठ्याच्या आकाशात विमान दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. विदर्भातील कितीतरी गावांत मात्र सैन्यातून निवृत्त झालेली माणसे आहेत. कोणाच्या घरी ‘पांडवप्रताप’ असेल, कोणाच्या घरी नारळीकर, कोणाच्या घरी जुन्या दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथा. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांना ‘कोठे लढलात?’ हे जरूर विचारावे. त्याबरोबर ‘काय वाचता?’ हेही विचारावे, आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे.