वऱ्हाडची करडई

वऱ्हाड म्हटले की कापूस, हे समीकरण आपल्या मनात इतके दृढ झाले आहे की या काळ्या जमिनीने दुसरेही काही पिकविले होते, हे मुद्दाम सांगावे लागते. आम्ही येथे ज्या पिकाचा पूर्ववृत्तान्त देऊ इच्छितो ते करडई. आपल्याकडील जुनी माणसे तिला करडी म्हणत. सूर्यफूल, शेवंती व झेंडू यांच्याच कुळातील हे काटेरी झुडूप. ज्ञातीतील ज्या घरांनी शेती सोडून नोकरी-व्यापार धरला, त्यांच्या मुलांनी ते पाहिलेही नसेल.

संस्कृतात यास कुसुंभ म्हणतात. कुसुंबी रंगाचे नाव त्यावरूनच आले. मिसर देशातील ममींना गुंडाळलेल्या कापडांवरही हा रंग सापडला आहे. वाळविलेल्या पाकळ्या प्रथम पाण्यात धुऊन त्यांतील पिवळा अंश काढून टाकीत. मग खाराच्या पाण्यात लाल अंश उतरे आणि लिंबासारखे आंबट घालताच तो कापडावर बसे. रंग मोठा देखणा, पण उन्हाने व धुण्याने उडणारा. १८५६ साली विल्यम पर्किन याने इंग्लंडात पहिला कृत्रिम रंग तयार केला, आणि पुढे असे स्वस्त रंग बाजारात येताच पाकळ्यांना कोणी विचारीना.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे कापसास सोन्याचे मोल चढले, आणि १८६७ पर्यंत आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचली. शेताचा मधला भाग नगदी पिकाने घेतला. करडई धुऱ्याकडेस गेली. तरी तिचे तेथले काम लहान नव्हते. गहू-हरभऱ्याभोवती तिच्या दोनचार ओळी लावल्या म्हणजे काट्यांमुळे गुरे आत शिरत नसत. कुंपणाचे कुंपण, आणि वर घरच्यापुरते तेल! असा कामसू राखणदार पगारावर मिळणे कठीण.

पेरणी पावसाळा सरता सरता होई. सोटमूळ खोल जाऊन जमिनीतील ओल शोधी, म्हणून पुढे पाण्याची वाट पाहावी लागत नसे. उशीर झाला तर मात्र मावा पडे. कोवळ्या पानांची भाजी होई. माघ-फाल्गुनात कापणी, आणि तीही पहाटे, दवाने काटे मऊ असताना, हातापायांस फडकी गुंडाळून. ऊन चढले की विळा खाली ठेवावा लागे. या कष्टांचा भार बहुधा घरच्या स्त्रियांनी व मजुरांनी वाहिला. पिकाची कौतुके सांगणारे हे क्वचितच सांगतात. दाणे घाण्यावर जात, तेल घरी येई, ढेप गुरांपुढे पडे.

हे चक्र एकाएकी तुटले नाही. १९३७ साली डालडा बाजारात आला, भुईमुगाचे तेल सर्वत्र पसरले. पुढे सोयाबीनने वऱ्हाडातील शेती पालटून टाकली, आणि १९९४ मध्ये परदेशी पामतेलाची आयात खुली झाली. काट्यांत राबणारे मजूरही मिळेनासे झाले. सरकारी धोरणास बोल लावणे सोपे आहे. परंतु घाण्याचे तेल महाग म्हणून डबा उचलणारे आपणच होतो, हेही नमूद केले पाहिजे.

अमरावती-अकोल्यातील पूर्णाकाठचा खारपाणपट्टा ज्यांना ठाऊक आहे, त्यांस या पिकाचे मर्म अधिक कळेल. तेथे विहिरीचे पाणी खारट, त्यामुळे ओलीत कठीण. आणि जमीन मात्र खोल व काळी. करडई खारटपणा बऱ्याच अंशी सोसते व साठल्या ओलीवर उभी राहते. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने 'एकेएस-२०७' व 'पीकेव्ही पिंक' हे वाण दिले. फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याचे वाणही काढले. काट्याच्या पिकाचीही कापणी-मळणी आता यंत्राने होते. पहाटेचे दव आणि हातांची फडकी यांची गरज राहिलेली नाही. बिनकाट्याची करडई धुऱ्याची राखण मात्र करणार नाही. तिला शेताच्या मध्येच जागा द्यावी लागेल.