राणीचे अश्रू आणि राजाचे वन

कोकणच्या पुळणीवर पसरलेली मर्यादवेल आपण पाहिली असेल. वाऱ्याने उडणाऱ्या वाळूला ती जागच्या जागी धरून ठेवते. पोर्तुगालच्या अटलांटिक किनाऱ्यावर हेच काम करणाऱ्या वनस्पतींत एक ठेंगणे, सदाहरित झुडूप आहे. त्याचे नाव कामारीन्या. यात नर आणि मादी झुडपे वेगळी असतात. उन्हाळ्यात मादी झुडपांवर मोत्यांसारखी पांढरी, आंबटसर फळे लगडतात.

या फळांची एक लोककथा आहे. लैरिया गावाजवळ समुद्रकाठी पाइनचे मोठे वन आहे. किनाऱ्याची वाळू शेतांत शिरू नये म्हणून ते मध्ययुगात वाढवले गेले. सुरुवात बहुधा आधीच झाली होती; पण लोक श्रेय देतात ते दिनिश राजाला (राज्यकाळ १२७९ ते १३२५). हा राजा कवी होता, पण त्याचे मन एका ठिकाणी रमत नसे. त्याच्या शोधात राणी इझाबेल रडत वनात हिंडली आणि तिचे अश्रू झुडपांवर पडून त्यांची पांढरी फळे झाली, अशी ही कथा.

पुढे या वनाचे लाकूड जहाजबांधणीला गेले. त्यामुळे इतिहासात पाइनला मान मिळाला. कामारीन्या मात्र गरिबांच्या ओंजळीत राहिली. बायका तिची फळे किनाऱ्यावर विकत. तापावर घरगुती औषध म्हणूनही ती दिली जात. १७५३ मध्ये लिनियसने तिची शास्त्रीय नोंद केली आणि नावात ‘आल्बुम’, म्हणजे पांढरे, हा शब्द घातला.

१५ ऑक्टोबर २०१७ च्या वणव्यात या वनाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग जळाला. जळालेली कामारीन्या बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. तिला बियांतूनच उगवावे लागते. त्यात वाळू थोपवण्यासाठीच पूर्वी ऑस्ट्रेलियातून आणलेली बाभळीची एक जात आता तिची जागा बळकावते आहे. म्हणजे जे काम इथले झुडूप मुकाट्याने करत होते, त्यासाठी परकी झाडे आणली आणि तीच त्याच्या मुळावर उठली.

तरी समुद्रपक्षी, ससे आणि कोल्हे ही फळे खातात व बिया दूरवर टाकतात. राजाचे वन माणसांनी लावले. राणीचे अश्रू मात्र आजही हेच पाखरे-प्राणी पेरत आहेत. आपण त्यांच्यासाठी थोडी वाळू मोकळी ठेवली, तरी पुष्कळ झाले.