डोंगरच्या पावसाला बांध कोठें?

लोणी काळभोरच्या शिवाराला पाणी दोन वाटांनीं भेटतें. एक मुठेचा उजवा कालवा, दुसरी उत्तरेची मुळा-मुठा. दोहोंचें मूळ सह्याद्रींतच.

एकोणिसाव्या शतकांत फाइफ या इंजिनियरानें खडकवासल्याची जागा निवडली ती पुरासाठीं नव्हे. आंबी, मोसी व मुठा या तिन्ही नद्यांचें पाणी तेथें एकत्र अडवितां येई, आणि पूर्वेच्या अवर्षणी मुलुखास उतारानें नेतां येई. हिशेब चोख होता. परंतु जलाशयांत मावणार जेमतेम २ अब्ज घनफूट! असें धरण आषाढांत पाहतां पाहतां भरतें. मग वरून येईल तें खालीं सोडावेंच लागतें.

पूर अडवावयाचा तर घाटमाथ्याकडे सरकलें पाहिजे. तेथें पाऊस दांडगा, दऱ्या खोल, त्यांचीं तोंडें अरुंद; म्हणजे बांध आंखूड नि सांठा मोठा. आंबीवरील पाणशेत अशीच जागा. सांठा १० अब्ज घनफुटांहून अधिक. मात्र तेथील मातीचा बांध, मोरीचें काम अपुरें असतांच, पावसाळ्यांत सांपडला. १२ जुलै १९६१ रोजीं तो फुटला, त्याच्या लोंढ्यानें खडकवासलाही फुटलें आणि पुणें बुडालें. माझ्या मतें दोष जागेचा नव्हता, घाईचा होता. पाणशेत पुन्हा उभें राहिलें. पुढें मोसीवर वरसगांव आणि मुठेवर टेमघर झालें.

तरी पेच उरतोच. कालव्याला धरण भरलेलें हवें, पुराला रिकामें. लोणीचा बागाईतदार धरण भरल्याची वार्ता हर्षानें ऐकतो. त्याच रात्रीं नदीकांठचा त्याचा सोयरा गोठ्यांतलीं जनावरें सोडूं लागतो.