गड घेणे आणि गड राखणे : घराच्या उंबरठ्यापर्यंत पोचलेल्या मानसोपचाराची गोष्ट

१/
वसई म्हटले की १७३९ आठवते : चिमाजी अप्पांचा वेढा, सुरुंगांनी उडालेला बुरूज, मे महिन्यातील पोर्तुगीजांची शरणागती. जिंकलेला किल्ला राखण्याचे काम मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि त्यावर सहसा कोणी पोवाडा रचत नाही. मानसिक आजारावरील उपचारांच्या इतिहासातही असेच घडले आहे. आजचा धागा त्या राखणीविषयी.

२/
वसई-विरारचा परिसर १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्यात गेला. त्यापूर्वी तो ठाणे जिल्ह्याचा भाग होता. गंभीर मानसिक आजारासाठी इथल्या माणसांचे सरकारी ठिकाण म्हणजे १९०१ साली स्थापन झालेले ठाण्याचे मनोरुग्णालय. तेव्हा १८५८चा कायदा लागू होता. त्याचा सारा भर रुग्णाला ताब्यात घेऊन बंदिस्त ठेवण्यावर होता. १९१२चा कायदाही त्याच वळणाचा, आणि तो कित्येक दशके टिकला.

३/
नकाशावर ठाणे खाडीपलीकडेच दिसते. पण लोकलने जायचे तर दादरपर्यंत जाऊन मध्य रेल्वेची गाडी धरायची. नाहीतर घोडबंदर रस्त्याने. रोजंदारीवरच्या घराला एका फेरीची किंमत दोन मजुऱ्या : एक रुग्णाची, एक सोबत जाणाऱ्याची. गोळ्या फुकट मिळाल्या तरी ही किंमत चुकत नाही.

४/
भिंतींना पहिले खिंडार पाडणाऱ्यांत अमृतसरचे डॉ. विद्यासागर होते. १९५०च्या दशकात त्यांनी रुग्णांच्या कुटुंबांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहू दिले. आप्त शुश्रूषा शिकले आणि बरे वाटू लागलेल्या माणसाला घेऊन घरी परतले. याच सुमारास, १९५२मध्ये, पॅरिसमध्ये क्लोरप्रोमझिनचा मनोविकारांवर वापर सुरू झाला होता. आता घरी राहून उपचार घेणे शक्य दिसू लागले.

५/
१९७५च्या सुमारास दोन प्रयोग उभे राहिले : बंगळुरूच्या निम्हान्सचा साकलवारा येथे आणि चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेचा हरियाणातील रायपूर रानी येथे. प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि कर्मचारी मानसिक आजार ओळखू शकतात, हे त्यांतून दिसले. १९८२मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला; बेल्लारीतील अनुभवानंतर १९९६मध्ये जिल्हा कार्यक्रम सुरू झाला.

६/
दवाखाना जवळ आला, तरी तो रुग्णाच्या येण्याचीच वाट पाहत राहिला. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात तर ही अपेक्षाच फोल ठरू शकते. ‘मला काही झालेले नाही’ असे रुग्णाला मनापासून वाटते. कोणाला औषध देणाऱ्याचाच संशय येतो, कोणाला अंथरुणातून उठण्याची उमेद उरत नाही. बरे वाटले की गोळ्या सुटतात आणि गोळ्या सुटल्या की आजार उलटण्याचा धोका वाढतो.

७/
मग दाराबाहेर पडून रुग्णाकडे कोणी जायचे? याची रीतसर परीक्षा झाली त्यात महाराष्ट्रातील सातारा होते. गोवा आणि तमिळनाडूसह तीन ठिकाणी २००९पासून ‘कॉप्सी’ ही चाचणी चालली. साताऱ्यातून ‘परिवर्तन’चे डॉ. हमीद दाभोलकर तिच्यात सहभागी होते. स्किझोफ्रेनिया असलेल्या २८२ जणांपैकी ९५ जणांना दवाखान्यातील नेहमीचे उपचार मिळाले. १८७ जणांना त्या उपचारांच्या जोडीला घरी येणारा कार्यकर्ता.

८/
हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसे होती. सुरुवातीला भेटी वरचेवर, पुढे महिन्यातून एखादी. औषध का थांबले याची चौकशी, घरच्यांना आजाराची माहिती, रोजच्या कामांत रुग्णाला पुन्हा गुंतवणे, सरकारी लाभांसाठी मदत, अशी कामे असत.

९/
निकाल २०१४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. चमत्कार घडला नव्हता. वर्षभराने, ज्यांच्या घरी कार्यकर्ता जात होता त्यांची लक्षणे आणि दैनंदिन अक्षमता माफक प्रमाणात कमी होती. औषधातील सातत्यही अधिक होते. सर्वांत ठळक फरक तमिळनाडूतील ग्रामीण भागात दिसला.

१०/
दुसरा दाखला विदर्भाचा. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ उपक्रमात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी नैराश्याविषयी बोलायला सुरुवात केली. दीड वर्षाच्या अंतराने केलेल्या पाहण्यांत, नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलेले आढळले. तरीही सुमारे तीन-चतुर्थांश माणसे उपचारांविनाच होती, हेही त्याच आकड्यात आहे.

११/
मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७मध्ये संमत झाला आणि २०१८मध्ये अमलात आला. समाजात राहण्याचा अधिकार आणि रुग्णालयातून घरी जाताना पुढील उपचारांचे नियोजन, दोन्ही त्यात आहेत. १८५८च्या कायद्यापासून इथवर यायला जवळपास १६० वर्षे लागली. मात्र कायद्यातील ‘नियोजन’ रुग्णाच्या घरी आपोआप पोचत नाही. ते घेऊन जाणारे माणूस लागते.

१२/
वसई-विरारमध्ये या माणसाची परीक्षा आणखी कठीण आहे. २०११च्या जनगणनेतच शहराची वस्ती १२ लाखांवर होती. नालासोपाऱ्यात अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की कुटुंब खोली बदलते, आणि कार्यकर्त्याच्या वहीतला पत्ता निरुपयोगी होतो. १० ऑक्टोबर २०२२पासून टेली-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक उपलब्ध आहे आणि तो मोलाचा आहे. परंतु ज्याला आपण आजारी आहोत असे वाटतच नाही, तो फोन कसा करणार? त्याच्यासाठी नव्या खोलीचा पत्ता शोधून दार वाजवणाराच हवा.

१३/
१७३९मध्ये जिंकलेली वसई १७८०च्या अखेरीस जनरल गॉडर्डने मराठ्यांकडून घेतली. घेतलेला गड हातात राहीलच असे नाही, हे इतिहासाच्या वाचकाला सांगावे लागत नाही. रुग्णालयाने माणूस बरा करून घरी पाठवला, त्या दिवशी गड घेतला गेला. पुढच्या महिन्यात त्याचे दार कोणी वाजवले का, यावर तो राखला जाईल की नाही हे ठरते.