शिंद्यांचे नाव आणि विशाखापट्टणची गोदी

बदलीच्या हुकुमाने आम्ही विशाखापट्टणास आलो, तेव्हा या तेलुगू नगरीशी आपले काही जुने नाते निघेल अशी कल्पनाही आमच्या मनास शिवली नव्हती. पहिल्याच आठवड्यात बसच्या पाटीवर 'सिंधिया' ही अक्षरे वाचून आम्ही थबकलो. जहाजबांधणीच्या गोदीलगतची ती वस्ती. कचेरीतील सहकाऱ्यास विचारले, तो म्हणाला, "कंपनीचे नाव." त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

कण्हेरखेडच्या शिंद्यांचे नाव या किनाऱ्यावर आले ते एका जहाजामुळे. 1891 साली इंग्लंडात बांधून झालेली 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही आगबोट कॅनडाच्या एका कंपनीसाठी पॅसिफिक महासागर ओलांडीत असे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली, जखमी सैनिकांसाठी तिचे तरते इस्पितळ केले आणि तिला 'लॉयल्टी' असे नाव दिले. सोलापूरचे वालचंद हिराचंद व नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी पुढे ती खरेदी केली, आणि नव्या कंपनीस शिंद्यांचेच नाव दिले. अर्थात इंग्रजी जिभेवर घोटून निघालेले. 5 एप्रिल 1919 रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाली. ब्रिटिश मक्तेदारीस आव्हान देणाऱ्या जहाजाचे नाव 'राजनिष्ठा' असावे, हा दैवाचा विनोदच म्हणायचा!

जहाजे चालवायची तर ती बांधलीही पाहिजेत, हा वालचंदांचा ध्यास. कलकत्त्यास मनाजोगी जागा मिळेना, म्हणून त्यांची दृष्टी इकडे वळली. येथील बंदर 1933 साली खुले झाले होते आणि 'डॉल्फिन्स नोज' या टेकडीचा त्याला समुद्राकडून आडोसा होता. 21 जून 1941 रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. वर्षही उलटले नाही तोच, 6 एप्रिल 1942 रोजी, जपानी विमानांनी या शहरावर बाँब टाकले. पुढे 14 मार्च 1948 रोजी आठ हजार टनांची 'जलउषा' पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली.

समारंभ संपले आणि हिशेब सुरू झाले. येथे बांधलेले जहाज विलायती जहाजाहून महाग पडे. खाजगी कारभार तोकडा पडला असे कोणी म्हणतात. आम्हांस हा निवाडा उतावळा वाटतो. इंजिने परदेशातून आणावयाची, कारागीर नव्याने घडवावयाचे, मग किंमत उतरणार कशी? सरकारने 1952 साली दोन-तृतीयांश भाग घेतले, 1961 साली उरलेलेही. 2010 पासून ही गोदी संरक्षण मंत्रालयाकडे आहे.

कंपनीची मालकी गेली, पाटी तेवढी राहिली. आता कंडक्टरने "सिंधिया, सिंधिया" अशी हाक दिली की आम्ही सवयीने पिशवी सावरून दाराकडे सरकतो.