नाममुद्रा आणि जाहीरनामा : अण्णाभाऊंची ‘माझी मैना’

शाहिरी रचनेच्या अखेरीस कवी आपले नाव गुंफतो. ही नाममुद्रा केवळ कर्तृत्वाची खूण मानावी, की कथिताची जबाबदारी स्वीकारणारी सही? दिवेआगरचा शके ९८२चा (इ. स. १०६०) मराठी ताम्रपट हा व्यवहाराचा लेख आहे, गीताला ‘जाहीरनामा’ म्हणताना त्यातला ‘नामा’, म्हणजे दस्तऐवज, आपण सहसा विसरतो.

इटालियन गीतकार-गायक फ्रान्चेस्को गुच्चिनी याने १९७६ साली ‘लाव्हेलेनाता’त टीकाकारांना उत्तर दिले. तिथला ‘मी’ निःसंशय त्याचाच. अण्णाभाऊ साठे (१९२०-१९६९) यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीत प्रकरण इतके सरळ नाही. वाटेगावाहून मुंबईत आलेल्या अण्णाभाऊंचा अनुभव तिच्यात आहे, पण ‘मी’ आहे तो गावी सखी ठेवून आलेला कोणीही कामगार. हाच ‘मी’ दिवेआगर-श्रीवर्धनच्या चाकरमान्यालाही परका वाटू नये. शिवाय अमर शेखांच्या आवाजाने ती दूरवर नेली. गाणारा एक आणि मुद्रा दुसऱ्याची!

रचनेचे खरे सामर्थ्य तिच्या वळणात आहे. प्रारंभी शृंगारिक लावणीला साजेसे रूपवर्णन, मग दारिद्र्याने घडवलेली ताटातूट, बेकारांनी भरलेली मुंबई आणि फ्लोरा फाउंटनचा लढा. त्यानंतर विरह हाच खंडित महाराष्ट्राचे रूपक होतो. नाममुद्रा येते ती या रूपकाआधीच, सत्ताधाऱ्यांच्या गर्वाचा निकाल सांगताना. म्हणजे सही विरहाखाली नाही, राजकीय निवाड्याखाली आहे. ‘मी’चे ‘आम्ही’ झाल्यावरच कवी स्वतःचे नाव उच्चारतो. (मैनेला मात्र स्वतःचा आवाज नाही, हेही नोंदवले पाहिजे.)

एक मौन अधिक बोलके आहे. मातंग समाजातून आलेल्या या कवीचा ‘मी’ येथे वर्ग आणि भाषा सांगतो, जात सांगत नाही. ‘जग बदल घालुनी घाव’मध्ये आंबेडकरांच्या नावाने ते मौन सुटते. दोन्ही रचना शेजारी ठेवल्याशिवाय अण्णाभाऊंचा जाहीरनामा पुरा वाचता येत नाही. वाङ्मयेतिहासात मात्र ‘फकिरा’ (१९५९) साहित्याच्या प्रकरणात आणि ही गीते चळवळीच्या तपशिलात, अशी विभागणी रूढ झाली. ती मला अमान्य आहे. रूपकाचे असे स्थित्यंतर हा वाङ्मयीन प्रश्न आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. छक्कडीत नावानिशी आलेली बेळगाव, कारवार, निपाणी मात्र बाहेरच राहिली. तेवढ्यापुरता तिच्यातील विरह आजही रूपक नव्हे, वस्तुस्थिती आहे.